एकटं फिरायचं असेल तर रिसॉर्टवर नको, वेंगुर्ल्याला जा

हल्ली सोलो ट्रिपच्या पोस्टी भरपूर येतात आणि सगळ्यांमध्ये तेच ते असतं, मी स्वतःला नव्याने भेटले, समुद्र माझ्याशी बोलला वगैरे. मला तसलं काही झालं नाही बुवा. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई आहे, स्वतःला रोज पहाटे ओट्यापाशी भेटते, तेवढी भेट पुष्कळ झाली. मला फक्त थोडे दिवस कोणी "आई माझं ते कुठंय" असं विचारणार नाही अशा ठिकाणी जाऊन मासे खायचे होते. बस.

तर गेल्या हिवाळ्यात सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याला एकटी जाऊन आले आणि तेव्हापासून एक मत पक्कं झालंय, ते इथे मांडते, पटलं तर घ्या. एकट्याने जायचं असेल तर टुरिस्ट स्पॉटवर जाऊ नका. ज्या गावाला आपल्याशिवाय पण भरपूर कामं आहेत अशा गावात जा.

कारण सांगते. पर्यटनाच्या जागी एकटा माणूस हिशेबातच बसत नाही. डॉल्फिन बघायला जायचं तर बोटीचा रेट अख्ख्या बोटीचा, मग तुम्ही किनाऱ्यावर उभे राहून दुसऱ्या ग्रुपला "आम्हाला घेता का हो" विचारत बसायचं. रूमचा रेट कपलचा, पॅकेज फॅमिलीचं. तारकर्लीला आम्ही सगळे मिळून गेलो होतो तेव्हा मजा आली होती, खोटं कशाला बोलू, स्कूबा वगैरे मुलांनी जाम एन्जॉय केलं. पण तिथे एकटी बसलेली बाई म्हणजे काहीतरी बिघडलंय असं वेटरपासून शेजारच्या टेबलावरच्या काकांपर्यंत सगळ्यांना वाटत असतं. सगळे तिथे मजा करायलाच आलेले, त्यामुळे जो मोठ्याने मजा करत नाही तो लगेच उठून दिसतो.

वेंगुर्ल्यात तसं नाही. तिथे सकाळी लोक बाजाराला निघालेले असतात, कोर्टाची कामं असतात, शाळा असते, काजूच्या फॅक्टरीत बायका कामाला चाललेल्या असतात. तुम्ही कोण, कशाला आलात, याचा विचार करायला कोणाला वेळ नाही. म्हणजे विचारतात, हो, कोकण आहे, विचारणार नाहीत असं होईल का. पण विचारून झालं की आपापल्या कामाला लागतात.

जायचं कसं ते आधी सांगते कारण कमेंटमध्ये हेच विचारणार आहात. वेंगुर्ल्याला रेल्वे स्टेशन नाही. रात्री ठाण्याला कोकणकन्या पकडायची, सकाळी कुडाळला उतरायचं, रिक्षाने एसटी स्टँड, तिथून वेंगुर्ल्याची एसटी. सावंतवाडी रोडला उतरलात तरी चालतं. विमानवाल्यांना गोव्याचा मोपा विमानतळ आहे, चिपीचा विमानतळ तर वेंगुर्ले तालुक्यातच आहे, पण विमान आहे का ते आधी बघून घ्या. मला विचाराल तर एसटीच बरी. खिडकीतून आधी काजू-आंब्याच्या बागा, मग माड, मग एकदम उतार आणि दमट वारा, यायच्या आधीच गाव कळायला लागतं.

राहण्याचं मात्र डोक्याला ताप झालं. एका लॉजवाल्याने फोनवरच सांगितलं, "एकट्या लेडीजला रूम देत नाही मॅडम, पॉलिसी आहे." कसली पॉलिसी रे बाबा? मी काय करणार आहे तिथे, पंखा घेऊन पळणार आहे? दुसऱ्याने रूम दिली असती पण डबलचाच रेट लावून, वर ब्रेकफास्ट एकाचाच. हे ज्यांचे लॉज आहेत त्यांनी जरा ऐका, एकटी येणारी बाई ही सगळ्यात कमी त्रासाची गिऱ्हाईक आहे. रात्री दंगा नाही, बाटल्या नाहीत, बारा टॉवेल मागत नाही, नऊ-दहाला झोपते. शेवटी ओळखीच्या ओळखीतून एका घरामागची खोली मिळाली, पुढे अंगण, तुळस, मागे विहीर, आणि घरातल्या काकूंनी आल्या आल्या आधी चहा पुढे केला, आधार कार्ड नंतर विचारलं.

आता गावाबद्दल. लोक वेंगुर्ल्याला बीचसाठी येतात, सागरेश्वरला फोटो काढतात आणि गोव्याला निघून जातात. सागरेश्वर छान आहेच, सुरूची झाडं, लांबच लांब वाळू, मोचेमाड तर त्याहून छान. पण खरी मजा गावात आहे हो. हे गाव एकेकाळी फार मोठं बंदर होतं. सतराव्या शतकात, १६३७ च्या सुमाराला, डचांनी इथे वखार टाकली, कारण त्यांना पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी करायची होती आणि त्यासाठी गोव्याच्या जवळ पण गोव्याच्या बाहेर अशी जागा पाहिजे होती. त्या वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत, झाडांची मुळं दगडांत घुसलेली, वर छप्पर नाही. मी गेले तेव्हा आत एक गाय सोडून कोणी नव्हतं. परदेशात अशा जागेला तिकीट लावून बाहेर कॉफी शॉप काढलं असतं. आपण निदान गवत तरी कापूया की.

मग १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला इंग्रजांकडे गेलं. बेळगावच्या छावणीला लागणारा माल इथे बंदरात उतरायचा आणि आंबोलीच्या घाटातून वर जायचा. गावात कॅम्प म्हणून जो भाग आहे तो त्याच काळातला. पुढे गोव्यात मुरगावपर्यंत रेल्वे आली आणि माल तिकडून जायला लागला. मुंबईहून येणारी प्रवासी बोट मात्र नंतरही बरीच वर्षं होती. गावातले म्हातारे अजून बोटीच्या गोष्टी सांगतात, समुद्र खवळला की काय हाल व्हायचे, कोण किती ओकलं, सगळं तपशिलात. आता बंदरावर धक्का आहे, टेकडीवर दीपगृह आहे, संध्याकाळी गावातली पोरं गाड्या लावून गप्पा मारत बसतात आणि मी पण दाणे खात बसले. लांब समुद्रात वेंगुर्ला रॉक्सची बेटं आहेत, तिथल्या गुहांमध्ये पाकोळी पक्ष्यांची मोठी वसाहत आहे, पण तिथे आपण उठून जायचं नसतं, ती त्यांची जागा आहे.

बाजारातल्या मार्केटचं नाव क्रॉफर्ड मार्केट आहे! मला आधी वाटलं काकू माझी चेष्टा करतायत. मुंबईच्या मार्केटशी साइजची तुलना करू नका, पण मासे विचाराल तर मुंबईचं मार्केट पाणी भरेल. मी तिथे नुसती फिरत होते, घ्यायचं काहीच नव्हतं, तर एक मासेवाली आजी पुढ्यात बांगड्यांचे वाटे लावून बसलेली, तिने हाक मारली. बांगडे इतके ताजे की पाठीवर हिरवा-निळा रंग अजून ओला चमकत होता. म्हटलं, आजी, मला घेऊन करायचेत कुठे, मी एकटीच आलेय. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "एकटीच इलंस? घोवाक हाडूक नाय?" म्हटलं नाही, नवरा घरी आहे. "बरा केलंस, रवांदे तेका घराक." आणि शेजारच्या सगळ्या जणी जोरात हसल्या. मग तिनेच सांगितलं, वाटा घे आणि जिथे राहतेस तिथे दे, तिरफळं घालून करून देतील. बोलता बोलता हातातला बांगडा साफ पण करत होती, कल्ले एका झटक्यात बाहेर, पोटाला एक चीर, अंगठ्याने आतलं सगळं काढून पाण्यात बुचकळला, नजर माझ्यावरच. माझं वय गेलं मासे साफ करण्यात आणि मला अजून एका बांगड्याला मिनिटभर लागतो.

काकूंनी खरंच तिरफळ घालून करून दिला. त्या चवीबद्दल मी लिहीत नाही, उगाच तुम्ही पण हळहळाल आणि मी पण.

सकाळी नवाबागला जा. तिथे होड्या लागतात, मासळी उतरते, लिलाव होतो, आणि ते सगळं इतकं भरभर चालतं की आपल्याला काही कळायच्या आत टोपली विकून गेलेली असते. जवळच खाडीवर झुलता पूल आहे, त्यावर सेल्फीवाले असतात, पण सकाळी लवकर गेलात तर कोळणी आणि मांजरं.

अजून एक, हे ऐकून माझी बहीण फोनवर पाच मिनिटं हसत होती. मी वेंगुर्ल्याचा कचरा डेपो बघून आले. हसा. पण नगरपरिषदेने तो इतका नीट केलाय की बाहेरगावची लोकं मुद्दाम बघायला येतात. ओला-सुका घराघरातून वेगळा येतो, ओल्यापासून बायोगॅस आणि खत, आणि काही प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरतात. वास नाही हो! आमच्या डोंबिवलीत खाडीच्या बाजूने जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो, आणि इथे एवढंसं गाव हे करून दाखवतंय. फॅमिलीबरोबर असते तर कचरा बघायला चला म्हटल्यावर मला कोणी गाडीतून उतरू दिलं असतं का? म्हणून तर एकटीने जायचं.

तसंच फळ संशोधन केंद्र, १९५७ पासून आहे. रत्ना आंबा, म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, आणि नंतर रत्ना आणि हापूसचा संकर करून काढलेला सिंधू, ज्याची कोय अगदी पातळ असते, हे दोन्ही इथलेच. काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती पण इथल्याच, तुमच्या गावच्या बागेतलं कलम बहुतेक त्यातलंच असेल.

आणि दशावतार! कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, म्हणजे तुम्ही थंडीत गेलात तर कुठे ना कुठे धयकालो, म्हणजे दशावताराचा रात्रीचा खेळ, असतोच, गावात विचारायचं फक्त. मला काकूंच्या सुनेने स्कूटरवरून नेलं. देवळासमोर गर्दी, रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं, पेटी, पखवाज, झांज, संवाद सगळे उत्स्फूर्त, लिहिलेलं काही नाही. एका आजीने स्वतःची चटई सरकवून सांगितलं, "हयसर बस गो बाये," आणि मग संकासुर आल्यापासून प्रत्येक पात्राची कोण, कुठला, मागच्या वर्षी कुठल्या कंपनीत होता, अशी सगळी माहिती दिली. शालूतला जो राणी झाला होता तो पुरुष माझ्यापेक्षा शंभर पटीने छान नेसला होता. मला पहाटे पेंग यायला लागली तर आजी ढोसून उठवायची, "बघ बघ, आता युद्ध." तिच्या डोळ्यावर झोपेचा मागमूस नाही.

आता सेफ्टीचं, कारण "एकटी? बाई गं" असं म्हणणाऱ्या खूप आहेत. मला गावात रात्री भीती वाटली नाही. भीती बाळगायची ती पाण्याची. सागरेश्वरला काय किंवा मोचेमाडला काय, एकट्याने गुडघ्याच्या पुढे जायचं नाही, किनाऱ्यावर बहुतेक वेळा चिटपाखरू नसतं आणि ओढलं तर बघायला पण कोणी नाही. शिवाय शेवटची एसटी कधी आहे ते सकाळीच विचारून ठेवायचं. मी आरवलीला वेतोबाला गेले होते, तिथे त्याला वाहिलेले मोठाले चामड्याचे जोडे बघत बसले, देव रात्री ते घालून गावाची राखण करत फिरतो आणि म्हणून ते झिजतात असं लोक मानतात, आणि त्या नादात येताना एसटीसाठी पळावं लागलं.

नवऱ्याने नंतर विचारलं, "बोअर नाही झालीस?" झाले ना. दुपारी दोन ते चार गाव झोपतं, दुकानं बंद, तेव्हा सपाटून बोअर झाले. अंगणात खुर्ची टाकून बसले आणि बोअर होत राहिले. किती वर्षांनी!

जूनमध्ये जाऊ नका, जून-जुलैत यंत्रावरच्या बोटींची मासेमारी बंद असते, मग बहुतेक सुकटीवर भागवावं लागेल. डिसेंबर-जानेवारी बेस्ट, ओले काजू पाहिजे असतील तर फेब्रुवारीनंतर. काकूंचा नंबर इथे टाकणार नाही, त्यांना विचारलं तर नको म्हणाल्या, त्यांच्याकडे खोली एकच आहे आणि मार्चमध्ये मीच येतेय म्हणून सांगून आलेय.