होळी झाली, आता कुत्र्याचे पाय बघा

आपल्या विदर्भात बैलाच्या पायाचं जेवढं कौतुक होतं तेवढं घरच्या माणसाच्याही पायाचं होत नाही. नाल झिजली की नालबंद शोधतात, पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपानं खांदे शेकतात. आणि त्याच बंडीखालून, तिच्या सावलीनं वावरापर्यंत येणारं कुत्रं एक पाय उचलून लंगडत घरी आलं, तर? "राहू दे ना गा, आपोआप बरं होते."

होत नाही.

नेटवर वसंतातली पंजांची निगा वाचायला जा, तर बर्फ वितळल्यावरचा चिखल आणि रस्त्यावरचं मीठ. तिकडं थंड देशांत बर्फ हटवायला मीठ टाकतात, ते पंजांच्या भेगांत जातं, म्हणून त्यांचं ते बरोबरच आहे. आपला वसंत म्हणजे पळस फुललेला, मोह गळायला लागलेला आणि मार्च सरता सरता अकोला-चंद्रपूरचा पारा 40 ला टेकलेला. वावरं रिकामी झालेली. तूर कापून जी धसकटं उरतात, ती विळ्याच्या तिरप्या घावानं टोकदार झालेली असतात. आपण चपला घालूनही जपून चालतो, कुत्रं सशामागं सुसाट सुटतं.

पण धसकटाची जखम दिसते तरी. खरं लबाड ते कुसळ. धुऱ्यावरचं कुसळी गवत या दिवसांत वाळून खडखडीत झालेलं असतं. त्याच्या टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ते आत शिरतं, मागे येत नाही. ओलं-सुकं झालं की त्याची शेपटी पीळ खाते. निसर्गानं ही सोय जमिनीत बी रुतवायला केली आहे, पण बोटांच्या बेचक्यातल्या कातडीत ते तसंच घुसतं. कुत्रं एकच जागा सारखी चाटत बसलं, तिथले केस लाळेनं तांबूस झाले, की बोटं फाकवून बघा. टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसेल, कडा ओलसर, आजूबाजूला सूज. शेपटी बाहेर असेल तर चिमट्यानं, शिरलं त्याच बाजूनं सरळ बाहेर ओढा. आत गेलं असेल तर सुईनं कोरत बसू नका, डॉक्टरकडे न्या; ते आतल्या आत सरकतं आणि पू दुसरीकडेच निघतो. बेचक्यात गोचीडही असतात, आणि आतल्या बाजूचं वरचं नख जमिनीला लागत नसल्यानं झिजत नाही, वळून मांसात जातं. तेही त्याच वेळी बघून घ्यावं.

डांबराचं तर विचारूच नका. गावापर्यंत पक्का रस्ता आला, चांगलंच झालं, पण हवा 35 अंश असली तरी भर उन्हातलं डांबर 55-60 च्या घरात जातं. हाताची उलटी बाजू टेकवा. सात मोजेपर्यंत ठेववत नसेल, तर त्या रस्त्यानं कुत्र्याला गाडीमागं पळवू नका. तळवा पोळला तर साधं गार पाणी सोडा, बर्फ नको. फोड आला तर फोडू नका. होळीची राखही पाणी मारून विझवा. वरून गार दिसते, आत निखारा असतो, आणि पहाटे कुत्री तिथंच ऊब धरून झोपतात.

आता माझा खरा राग. जळकं ऑइल! गावात कुत्र्याच्या प्रत्येक दुखण्यावर ट्रॅक्टरचं काळं ऑइल फासतात. कुत्रं पाय चाटणारच, म्हणजे ते विष त्याच्या पोटात. गोचिडांसाठी पऱ्हाटीवर फवारायचं औषध चोळणारेही पाहिलेत, त्यांच्यापुढं हात जोडतो. आपल्या अंगदुखीच्या गोळ्याही देऊ नका; आयबुप्रोफेनसारख्या गोळीनं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडन्या जातात. मिठाच्या कोमट पाण्यानं धुऊन, कोरडं करून, पट्टी सैल बांधली तरी डॉक्टरपर्यंत न्यायला वेळ मिळतो. पायाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळू नका. कुत्र्याला घाम येतो तो तळव्यांनाच, पिशवीत जखम ओली राहून सडते.

मी संध्याकाळी ओट्यावर आमच्या काळ्याचे पाय धुतो, तेव्हा शेजारचे काका हटकून विचारतात, "कायले धुतं बे त्याचे पाय? लगन हाय का त्याचं?" काकांच्या बैलाचं खूर जरा फाटलं की तालुक्याचा डॉक्टर दारात उभा असतो, हे मात्र मी त्यांना म्हणत नाही.

चावायची भीती वाटते म्हणून कित्येक जण पायाला हातच लावत नाहीत, ते मला पटतं. दुखऱ्या पायाला हात लावला की घरचं कुत्रंही फिरतं. मऊ शेल्यानं तोंड बांधा, पण धापा टाकत असेल तर नको, आणि बांधलं तरी काम झटपट उरका. रेबीजची लस दरवर्षी द्या. तरीही दात लागलाच तर चुना-मिरची लावत बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन सुई घ्या.