आधी छप्पर, मग रंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, प्रतिक्रिया सणसणीत आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. नॅरोगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, जुन्या इंजिन-डब्यांसाठी म्युझियममध्ये नवं शेड बांधावं, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं : कास्तकाराच्या कापसाला गोदाम नाही आणि तुम्ही भंगाराला छप्पर मागता, दर दोन वर्षांनी रंग मारा, पावसाळ्यात ताडपत्री टाका, भागतं. वरून, म्युझियम नको, ब्रॉडगेज (रुंद रूळ) द्या.

ब्रॉडगेजवर आपलं भांडणच नाही, मलाही हवी आहे. पण ती आली की अडीच फुटी गेजचे डबे तिच्यावर चालणार नाहीत. नागपूर-नागभीड लाइन 2019 मध्ये याच कामासाठी बंद झाली. जुन्या गाड्या मग एकतर लिलावात जातात, नाहीतर कुणीतरी जपतं. म्हणजे शेडची गरज ब्रॉडगेजमुळे वाढतेच.

आता रंग. लाकडी सांगाड्याच्या जुन्या डब्याजवळ जाऊन बघा. बाहेरून चकचकीत. पण खिडकीची झडप ज्या खाचेत खाली सरकते, तिथून पाणी भिंतीच्या आत उतरतं आणि तळाच्या लाकडी पट्टीवर साचतं. बाहेरून पत्रा ठोकलेला, त्यामुळे वाळत नाही. खिडकीखाली, पार तळाशी, बोटाने ठोकून पाहा. धड लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द. रंगाला तोवर एक फोडही आलेला नसतो. त्यात आपला मे महिना : 45 अंशात लाकूड आक्रसतं, सांधे उघडतात, आणि मृगाचा पहिला पाऊस थेट आत.

शकुंतलेचं, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज गाडीचं, झेडडी जातीचं वाफेचं इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला बनलं, 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत धावलं. सत्तर वर्षं भिजलंच ना, मग आता काय बिघडतं? बिघडतं. चालतं इंजिन रोज तापतं, पुसलं जातं, त्याला तेल मिळतं. उभ्या इंजिनाच्या धुराड्यातून पाणी उतरतं, स्मोकबॉक्समधली (धुराड्याखालच्या कप्प्यातली) राख ओली झाली की तिच्यातल्या गंधकाचं आम्ल होतं आणि ते तळाचा पत्रा खातं. म्हणून चौकात चबुतऱ्यावर इंजिन ठेवायची कल्पना मला अजिबात पटत नाही. सेल्फी छान येतात, एवढंच.

ताडपत्रीचं मी काय सांगू? ओल्या सोयाबीनच्या गंजीवर ती दोन दिवस राहिली की आत काय होतं, ते तुम्ही जाणता. डब्याचंही तेच.

‘चार खांब अन् टिन, त्याला एवढा खर्च?’ असंही विचारलंत. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पाया हलला की शेड तिरकं आणि आतले रूळही तिरके. पाया त्या थराच्या खाली न्यावा लागतो. पन्हाळीचं पाणी पायाशी न सोडता लांब काढावं लागतं, नाहीतर तीच जमीन पुन्हा फुगणार. वादळी पावसाची झड आडवी येते, म्हणून छप्पर बाजूंनी चांगलं पुढे हवं आणि पश्चिमेला भिंत. पण हवा खेळती पाहिजे, नाहीतर टिनाखाली दमटपणा कोंडतो. उजेडासाठी पारदर्शक पत्रे टाकायचा मोह टाळावा, त्यांतून येणारं ऊन रंग उडवतं. आणि डबे आत ढकलायला रूळ आतपर्यंत हवेत. दरवेळी क्रेनने उचलाल तर जुना सांगाडा तिथेच बोलेल.

गोदाम हवंच, त्यासाठी तुमच्याबरोबर तहसीलवर यायला तयार आहे. पण म्युझियमचं शेड अडवून तुमच्या गावात एक पोतंही जास्त मावणार नाही. आणि ही शकुंतला रेल्वे कापसाचीच की! किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मुख्य लाइनवर आणायला ती घातली, पुढे तो मुंबईमार्गे मँचेस्टरला. कापूस तिकडे गेला, इंजिन तिकडून आलं. हा हिशोब पोरांना दाखवायला ते इंजिन धड उरायला नको का?

शेवटचा प्रश्न : नागपूरला मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेज म्युझियम आहे, मग शकुंतलेचं वेगळं कुठे? मूर्तिजापूरला. यवतमाळ आणि अचलपूर, दोन्ही फाटे तिथूनच निघायचे, आणि गाव मुंबई-हावडा लाइनवर आहे. शेडमध्ये जागा कमी पडली तर आधी लाकडी डबे आत, मग इंजिनं. लोखंडी वाघिणी (मालडबे) आणखी दोन पावसाळे बाहेर काढतील.