पोपटमासा प्रवाळांचा वैरी नव्हे

दिवाळीच्या सुट्टीत सांगली-मिरजेकडची काही कुटुंबे अंदमानला जाऊन आली आणि पाठोपाठ इथल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागला. त्याचा आशय असा: पोपटमासा जिवंत प्रवाळ खाऊन जगतो, एकेक मासा वर्षाला कित्येक टन प्रवाळाचा भुगा करतो, त्यामुळेच प्रवाळखडक मरत आहेत आणि म्हणून हा मासा जितका पकडला जाईल तितके बरे. मी सांगलीत प्राणिशास्त्र शिकवतो. विद्यार्थीच हा संदेश घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा गप्प बसणे मला योग्य वाटले नाही.

आधी खाण्याविषयी. पोपटमाशांच्या सुमारे १०० जाती आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे मुख्य अन्न जिवंत प्रवाळ नाही. मेलेल्या प्रवाळाच्या पृष्ठभागावर आणि त्याच्या बारीक छिद्रांत वाढणारी शैवाले व सूक्ष्मजीव मिळवण्यासाठी हे मासे खडक खरवडतात. ठळक अपवाद आहे तो कपाळावर टेंगूळ असलेल्या, मीटरभराहून लांब वाढणाऱ्या बम्पहेड जातीचा. त्याच्या खाण्यात जवळपास निम्मा वाटा जिवंत प्रवाळाचा असतो. संदेशातले ‘कित्येक टन’ही त्याचेच आहेत, कारण एक मोठा बम्पहेड वर्षाला सुमारे ५ टन खडक पोटात घेतो. एका जातीचा हिशेब शंभर जातींच्या माथी मारणे चूक आहे.

भुग्याची गोष्ट मात्र खरी आहे आणि ती समजून घेण्याजोगी आहे. या माशाची चोच म्हणजे एकमेकांत घट्ट बसलेले दात. एका जातीच्या चोचीत सुमारे १५ ओळींत १,००० दात मोजले गेले असून ते फ्लोरॲपेटाइट या अतिशय कठीण खनिजाचे असतात. चोचीने तोडलेला तुकडा घशातल्या दातांच्या जात्यात दळला जातो, त्यातले अन्न आतड्यात शोषले जाते (या माशाला जठर नसते) आणि चुनखडीचा चुरा पांढऱ्या वाळूच्या रूपाने बाहेर पडतो. मालदीवमधील वक्कारू बेटाभोवतीच्या खडकावर नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांची असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. अशी बेटे या वाळूवरच उभी राहतात. एका विद्यार्थिनीच्या पिशवीच्या शिवणीत अडकून आलेली अंदमानची चिमूटभर वाळू आम्ही काचपट्टीवर ठेवून तिच्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला, तेव्हा ती फसफसून विरघळू लागली. शेजारी ठेवलेली कृष्णेची काळसर वाळू, बेसाल्टची असल्यामुळे, तशीच राहिली. यातला कोणता कण माशाच्या पोटातून आला हे काचपट्टीवर ओळखता येत नाही, पण ही वाळू दगडाची नसून जिवांच्या सांगाड्यांची आहे, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

संदेशासोबत फिरणाऱ्या छायाचित्रात एक करडा आणि एक निळा-हिरवा असे पोपटमासे ‘दोन जाती’ म्हणून दाखवले आहेत, त्याबद्दल इतकेच सांगतो की बहुतेक जातींत मादी पुढे नर होते आणि तिचा रंगही पालटतो. या रंगबदलामुळे जुन्या अभ्यासकांनीही ३५० हून अधिक जाती नोंदवल्या होत्या.

आता मुख्य आरोप. प्रवाळांवरचे सर्वांत मोठे संकट पाण्याच्या उष्णतेचे आहे. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी साधारण एक अंशाने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या शरीरातील सहजीवी शैवाले बाहेर टाकतात, पांढरे पडतात आणि अनेकदा मरतात. १९९८ मध्ये लक्षद्वीपला हेच घडले. मेलेल्या सांगाड्यावर शैवालांची दाट गादी चढली की प्रवाळांच्या नव्या अळ्यांना चिकटायला जागा उरत नाही. ती जागा मोकळी ठेवण्याचे काम पोपटमासा करतो. त्याच्या खरवडण्याने खडक झिजतो हे मान्य, पण पनामाच्या किनाऱ्यावर प्रवाळखडकात खोल नळ्या घालून काढलेल्या सुमारे ३,००० वर्षांच्या थरांत माशांचे दात मोजले, तेव्हा पोपटमासे घटले की खडकाची वाढही मंदावते, असे दिसले.

‘जितका पकडला जाईल तितके बरे’ याचे उत्तर जमैकाने दिले आहे. तिथे शैवाल खाणारे मासे आधीच बेसुमार पकडले गेले होते, १९८० मध्ये मोठे चक्रीवादळ आले आणि १९८३-८४ मध्ये शैवालावर जगणारे काटेरी सी-अर्चिन रोगाने मेले. १९७७ मध्ये सुमारे ५२ टक्के असलेले जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९९३ पर्यंत ३ टक्क्यांवर आले आणि शैवालाचे ४ वरून ९२ टक्क्यांवर गेले. बेलीझने २००९ मध्ये पोपटमाशाच्या मासेमारीवर बंदी घातली. ज्या गटांत तो संदेश गेला, त्या गटांत हे आकडेही जावेत, अशी माझी विनंती आहे.