चिमणी काही तपकिरी नसते

वाघ भरायला घेतला की लोक तोंडात बोटं घालतात. ‘बाई गं, केवढं अवघड!’ खरं सांगू? वाघ सोपा असतो. पट्टे झाले की निम्मं काम उरकतं. शिवाय दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात, त्यामुळे एखादा पट्टा भलतीकडे गेला तरी ‘या वाघाचा असाच आहे’ म्हणून मान ताठ ठेवता येते. भरतकामात माणसाचा जीव घेते ती चिमणी.

नणंदेने फर्माईश केली, ‘वहिनी, भिंतीवर लावायला छोटीशी चिमणीच द्या. फार त्रास नका घेऊ.’

चिमणी तपकिरी असते. लांबून. सुई हातात घेऊन जवळून बघा. नर असेल तर माथा राखाडी, डोळ्यामागून मानेपर्यंत तांबूस, गाल मळकट पांढरे, गळ्याखाली काळा डाग आणि पाठीवर नाना तपकिरी छटांत काळ्या रेघा. मादी त्याहून वाईट. भुवईची फिकट रेघ सोडली तर सगळी मळखाऊ, आणि मळखाऊ रंगाच्या दोन लड्या रात्री दिव्याखाली एकच दिसतात. म्हणून नर धरला, तर चोच आडवी आली. नराची चोच विणीच्या हंगामात काळीभोर होते, एरवी फिकट असते. ‘चोच कुठल्या रंगाची करू?’ असं नवऱ्याला विचारलं. ‘चोचीच्याच रंगाची कर,’ पेपरातून उत्तर आलं.

दोरा सहापदरी मिळतो, पिसांना लागतो एक पदर. एकच धरून सरळ वर ओढला तर बाकीचे पाच खाली गोळा होतात आणि झटकले की मुकाट सुटतात. घाईने दोन ओढले की संध्याकाळ गुंत्यात. सुईचं गणितही उलटं, नंबर मोठा तितकी सुई बारीक. दहा नंबरला नेढं आहे यावर श्रद्धा ठेवूनच ओवायचं.

पिसं कौलांसारखी एकावर एक असतात, म्हणून शेपटीकडून सुरुवात करून डोक्याकडे सरकायचं. लांब-आखूड टाके, पिसांच्या कलाने. दिशेचं हे वेड मग रिंगेपुरतं राहत नाही. शेजारच्या मांजरीकडे मी इतकी रोखून बघते की ती हल्ली आमच्या कठड्यावर येत नाही. नवऱ्याच्या हनुवटीवर दाढीचे केस गोल फिरतात, हे इतक्या वर्षांच्या संसारात मला चिमणीमुळे कळलं.

(खंड्याचं तर नावच काढू नका. त्याच्या निळ्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच, पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो म्हणून ती निळी दिसतात. ते निळं कुठल्याच लडीत मिळायचं नाही. टाक्यांचा कल बदलत राहायचं, म्हणजे उजेड दोऱ्यावरून वेगवेगळा परततो आणि फसवणूक बऱ्यापैकी जमते.)

डोळा शेवटी ठेवला होता. काळा ठिपका, वर पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका, एवढंच काम. पण तो टाका केसभर खाली गेला की चिमणी रडवेली होते, मधोमध आला की थक्क, आणि कडेला सरकला की संशयाने बघू लागते. कापडाला भोक पडेल म्हणून उसवणं थांबवलं तेव्हा ती संशयी होती. तशीच राहू दिली. ज्या घरी जायची तिथे शोभणार होती.

नणंदेला चिमणी फार आवडली. ‘बघा, अगदी माझ्याकडेच बघते!’ आणि लगेच, ‘वहिनी, पुढच्या वेळी हत्ती हं. एकाच रंगाचा, तुम्हालाही सोपा.’

सुरकुत्या मोजल्यात का, असं विचारणार होते, पण तोवर तिला माझी दया आली. म्हणाली, ‘नाहीतर असं करा, पिल्लूच द्या. तेवढंच काम कमी.’

हत्तीच्या पिल्लाच्या डोक्यावर मोठ्या हत्तीपेक्षा जास्त केस असतात. आणि तेही उभे.