चाळण

आज संध्याकाळी विश्रामबागला भाचीची फुटबॉल मॅच बघायला गेलो आणि डोकं फिरवून घरी आलो. बारा वर्षांची पोरगी गोलमध्ये. सहा तरी बॉल अडवले तिनं, सातवा पायातनं गेला, आणि मागनं एक पालक ओरडतोय, "हाताला मेंदी लावलीय काय गं?" स्वतः खुर्चीत ऐसपैस, हातात भडंगाची पुडी. मी गप्प बसलो. गप्प का बसलो याचाच आता जास्त राग येतोय.

माझा किस्सा जुन्या मित्रांना पाठ आहे. कोल्हापूरला मॅच, वळवाचा पाऊस, आणि माझ्या हातात अण्णांचे वेल्डिंगचे चामडी हातमोजे, कारण खरे घ्यायला पैसे कुणाकडं होते. चामडं भिजलं की साबणासारखं होतं हे मला शेवटच्या मिनिटाला कळलं. साधा बॉल, छातीवर आलेला, हातातनं सुळकन मागं. त्या दिवसापासनं मी 'चाळण'. आजही.

दिनो झॉफ माहितीय ना? इटलीचा कीपर. चौदाव्या वर्षी बुटका म्हणून युव्हेंटस आणि इंटर या क्लबांनी परत पाठवलेला, मग आज्जीनं रोज आठ अंडी खाऊ घातली म्हणे (अंड्यांनी उंची वाढते का ते देव जाणे, पण आज्जी ती आज्जीच). पुढं त्याच युव्हेंटसकडनं अकरा वर्षं खेळला. देशाकडनं ११४२ मिनिटं गोल खाल्ला नाही. लोकांच्या लक्षात काय राहिलं? १९७८ च्या वर्ल्डकपला लांबनं खाल्लेले गोल. म्हातारा झाला, डोळे गेले म्हणाले. चार वर्षांनी चाळिसाव्या वर्षी ह्याच म्हाताऱ्यानं कॅप्टन म्हणून वर्ल्डकप उचलला. ब्राझीलच्या मॅचला शेवटी शेवटी ऑस्करचा हेडर अगदी रेषेवर दाबून धरला, तो बॉल सुटला असता तर फायनल कुठली लगा!

मग कोच. १९९० ला युव्हेंटसला युएफा कप आणि इटालियन कप दोन्ही जिंकून दिले, तरी काढला. १९९८ ला इटलीचा कोच झाला. युरो २००० च्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या, तोंडावर पहिला कीपर बुफॉनचा हात मोडला, म्हणून दुसरा कीपर टोल्डो उभा केला, आणि त्यानं सेमीफायनलला नेदरलँड्सच्या पेनल्ट्या अडवल्या, इटलीचे दहाच जण असताना. फ्रान्सबरोबरची फायनल मी मध्यरात्री डोळे ताणून बघितलीय. इटली १-० पुढं, वाढीव वेळेतली शेवटची मिनिटं, बेंचवरची पोरं नाचायच्या तयारीत, आणि फ्रान्सच्या विल्टोर्डनं मारला. मग जादा वेळेत १०३ व्या मिनिटाला त्यांचाच त्रेझेगे, गोल्डन गोल (पहिला मारेल तो जिंकला), खेळ खलास. मला परत ते चामडी हातमोजे आठवले, खरं सांगतो.

लगेच बर्लुस्कोनी बोलला. मिलान क्लबचा मालक, पुढारी माणूस. फ्रान्सच्या झिदानला मोकळा कशाला सोडला म्हणे. मान्य, सोडला होता थोडा. पण फायनलपर्यंत आणलेल्या माणसाला असं चारचौघांत? झॉफनं दोन दिवसांत राजीनामा दिला. एरवी तोंडातनं शब्द न काढणारा माणूस.

मला नाही जमलं तसं. मी चाळण म्हटलं की दात काढत बसलो इतकी वर्षं. आज त्या पोरीचा चेहरा बघितला, मॅच संपली तरी पोस्टला पाठ लावून उभी, ग्लव्हजचं वेल्क्रो उघडतीय लावतीय, उघडतीय लावतीय.

त्या रात्री कोल्हापूरहून येताना एसटीत कुणी माझ्याशेजारी बसलं नव्हतं. घरी अण्णांनी विचारलंसुद्धा नाही किती गोल झाले. हातमोजे पिळले, चुलीजवळ वाळत टाकले. सकाळी पापडासारखे कडक. तेच घालून कुपवाडला कामावर गेले, दिवसभर बोटं वळली नसतील त्यांची.

ग्रुपवर आत्ताच मेसेज पडलाय, "काय चाळण, रविवारी येणार का?"

येतो. पण नाव घेऊन बोलवा.