डग्लस यांचा प्रबंध आणि पाच डॉलर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कॅनडाचे समाजवादी नेते टॉमी डग्लस यांच्यावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. त्यांचा १९३३ सालचा प्रबंध मी दडवला, हा पहिला. आणि एका पाद्र्याच्या भूतदयेलाच मी समाजवाद म्हटले, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. वेबर्न गावातल्या बाप्टिस्ट चर्चचे पाद्री असताना मॅकमास्टर विद्यापीठाच्या एम.ए.साठी लिहिलेल्या त्या प्रबंधात डग्लस यांनी गरीब कुटुंबांच्या हलाखीचे मूळ त्यांच्या रक्तात शोधले आणि ‘सदोष’ ठरवलेल्यांच्या निर्बीजीकरणाची शिफारस केली. हे लेखात यायलाच हवे होते. मात्र १९४४ साली कॅनडातल्या सस्कॅचेवन प्रांताचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) झाल्यावर आरोग्यखाते स्वतःकडे ठेवूनही त्यांनी तसा कायदा आणला नाही. शेजारच्या अल्बर्टात तो १९२८ पासून लागू होता. एवढ्याने प्रबंध धुऊन निघतो असे मी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. विनिपेगमध्ये लहानपणी डग्लस यांचा पाय कापायची वेळ आली होती. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यावी, एवढ्या अटीवर एका शल्यविशारदाने ती फुकट केली आणि पाय वाचला. भूतदयावाद्याने अशा डॉक्टरचे आयुष्यभर गुण गायले असते. डग्लस यांना त्यातले खटकले ते हे की, मुलाचा पाय राहणार की जाणार हे कुणाच्या तरी मर्जीवर ठरले. म्हणून १ जानेवारी १९४७ पासून त्यांनी जी रुग्णालय विमा योजना सुरू केली, तिच्यात माणशी वर्षाला ५ डॉलर, आणि कुटुंब कितीही मोठे असले तरी ३० डॉलरपर्यंतच, अशी सक्तीची वर्गणी होती. ज्याने वर्गणी भरली आहे त्याला खाटेसाठी कुणापुढे हात पसरावे लागत नाहीत. दान आणि हक्क यांतला फरक मी मानतो तो इथे.

डॉक्टरांच्या बिलांचा विमा १ जुलै १९६२ ला त्यांचे उत्तराधिकारी वुड्रो लॉइड यांच्या काळात लागू झाला, तेव्हा प्रांतातल्या बहुसंख्य डॉक्टरांनी २३ दिवस दवाखाने बंद ठेवले. त्याआधी जूनमध्ये, याच वादाच्या ऐन भरात, संघराज्याच्या निवडणुकीत सस्कॅचेवनची राजधानी रेजायनाच्या मतदारांनी खुद्द डग्लस यांना पाडले होते. नुसत्या भूतदयेवर एवढे रण माजले असते असे आपल्याला खरेच वाटते का?

प्रबंधाविषयीचा परिच्छेद मूळ लेखात जोडला आहे.