सत्तावीस टक्क्यांचा हिशोब

परवा आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, तळोद्याला बसस्टँडजवळ चहा पीत बसलो होतो. लाइट गेलेली. शेजारचा ओळखीचा शेतकरी वैतागून म्हणाला, "एवढं मोठं धरण बांधलं नर्मदेवर, अन् आम्ही अजून रात्री दोनला उठून मोटार चालू करतो." मी म्हटलं, भाऊ, त्या धरणाच्या विजेत आपला २७ टक्के वाटा आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला लॉटरीचं तिकीट खपवतोय.

वाटा खरा आहे. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ साली सरदार सरोवराची वीज वाटून दिली: मध्य प्रदेशला ५७ टक्के, महाराष्ट्राला २७, गुजरातला १६. पाण्यात मात्र आपल्या वाट्याला आले १०.८९ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि ते बोगद्याने तापी खोऱ्यात आणायच्या गोष्टी मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. म्हणजे महाराष्ट्रापुरता हा व्यवहार मुळात विजेचाच होता. त्यासाठी दिली काय, तर अक्कलकुव्याची ९ आणि धडगावची २४, अशी ३३ गावं. सगळी भिल्ल-पावरांची. मणिबेली पहिलं.

मी धरण फोडा म्हणणाऱ्यातला नाही. कच्छात प्यायला पाणी पोचलं, ते खोटं कसं म्हणू? पण 'विकासाला विरोध करणारे' अशी पोस्ट ढकलणाऱ्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप मंडळींना एकदा विचारावंसं वाटतं, तुमच्या घरातलं काय गेलं?

आमच्या घरातलं गेलं होतं. आईचं माहेर उकाईत बुडालं. तापीवरचं ते धरण १९७२ला पूर्ण झालं. भिंत गुजरातेत, ३०० मेगावॉट वीज गुजरातची, आणि फुगवट्याचं पाणी आपल्या नवापूर-नंदुरबारकडच्या गावांत. आजी त्याबद्दल फार बोलायची नाही. "पाणी उनं नि गाव गयं," एवढंच. मामा उन्हाळ्यात पाणी उतरलं की आपल्याच जुन्या रानात गाळपेर करायचा. स्वतःच्या जमिनीत, पण मेहेरबानीवर. उकाईवाल्यांना जे मिळालं नाही ते नर्मदेवाल्यांना निदान कागदावर मिळालं: लवादाने चतुर्थांशाहून जास्त जमीन गेलेल्या खातेदार कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन, सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब, असं लिहून ठेवलं. हे नर्मदा बचाव आंदोलनाने भांडून अमलात आणवलं, नाहीतर कागद कागदच राहिला असता.

आणि ती जमीन आली कुठून? आमच्या तळोद्याच्या जंगलातून, सुमारे ४२०० हेक्टर. त्यातल्या बऱ्याच भागात आधीपासून भूमिहीन आदिवासी नांगर चालवत होते. सरकारच्या भाषेत अतिक्रमणदार. एका आदिवासीला बसवायला दुसरा आदिवासी उठवायचा, असला हा प्रकार. तेव्हा मी कॉलेजात होतो. धरणग्रस्तांच्या पुनर्वसन वसाहती वसल्या, तर गावात लोक 'वसाहतवाले आले' असं बोलायचे, जणू टोळधाड आली. बाजारात त्यांच्या आमचूर-चारोळीचा भाव पाडायचा आणि वर त्यांना आळशी म्हणायचं. मीही हसलोय त्यात. आता आठवलं की लाज वाटते.

विजेकडे येतो. सरदार सरोवराची एकूण क्षमता १४५० मेगावॉट. पैकी १२०० नदीपात्रातल्या वीजघराची, २५० कालव्याच्या तोंडावरच्या. खरी मलई नदीपात्रातल्या वीजघरात, पण तिथून सोडलेलं पाणी खाली समुद्राकडे जातं, कालव्यात चढत नाही. त्यामुळे पाणी साठवायचं की वीज काढायची, ही ओढाताण कायमची. २०१९ला धरण पहिल्यांदा काठोकाठ, १३८.६८ मीटरपर्यंत भरायचं ठरलं तेव्हा यावरून गुजरात आणि मध्य प्रदेशची चांगलीच जुंपली. विजेत सत्तावीस टक्के आपलेही होते ना? आपल्याकडून कोणी त्यावर घसा कोरडा केल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

आता बिलगाव. धडगाव तालुक्यातलं उदय नदीकाठचं गाव. तिथे लोकांनी श्रमदान करून, केरळच्या इंजिनिअर पोरांना सोबत घेऊन, २००३ला १५ किलोवॉटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला. सरदार सरोवर त्याच्या जवळजवळ लाखपट मोठं. पण त्या पंधरा किलोवॉटवर घराघरात दिवा लागला, आश्रमशाळेत लागला. २००६च्या पावसाळ्यात तो त्याच सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडाला. माझं तिकडे जाणं फार उशिरा झालं. एका म्हाताऱ्याने काठीने जागा दाखवली, "इथं आमची लाइट बनायची." मग त्यानेच विचारलं, "तुमच्याकडं त्या मोठ्या धरणाची लाइट येते का?" येत असेल, म्हटलं. तारेतल्या विजेवर कुठल्या नदीची ते थोडंच लिहिलेलं असतं!

म्हणूनच मला हिशोब हवाय. सत्तावीस टक्क्यांत दरवर्षी किती युनिट आले, बाजारभावाने त्याचे किती रुपये झाले, हे सरकारी दफ्तरात नोंदलेलं असणारच. तो आकडा आमच्या आमदार-खासदारांनी मागावा, आणि त्यातला ठरलेला हिस्सा दरवर्षी ३३ गावांच्या आणि वसाहतींच्या नावावर टाकावा: रस्ता, बोट, दवाखाना, शेतीपंपाला दिवसाची लाइट. २०१९च्या संक्रांतीला नर्मदेत आपल्याच माणसांची बोट उलटली होती, विसरलो नसू तर.

आकडा मराठीत नको, पावरी-भिलोरीत वाचून दाखवा. भर ग्रामसभेत. आणि सुरुवात बिलगावपासून करा.